चौथी बी

तीनच बिया होत्या. उमादेवीनं "हं, तुझी पाळी," म्हणत चिंचोके माझ्याकडं सरकवले. मी ते मुठीत खुळखुळवले आणि कोणती बी पुढं न्यावी म्हणून पटाकडं बघितलं, तर एक बी कडेच्या फुलीवर, एक आतल्या रांगेत, एक कमलकाकूंच्या खड्याच्या मागं दोन घरं. पुन्हा बघितलं. तीन. "टाक की गं, चिंचोके उबवायलीस का काय?" अक्षदा म्हणाली. "माझी एक बी कुठाय?" मी विचारलं, आणि विचारताना मला काहीच वाटलं नव्हतं, खेळात आपलं काहीतरी इकडंतिकडं झालंय एवढंच. फरशीवरून हात फिरवला, ओढणी झटकली, मांडी उचलून खाली बघितलं. मग नजर आपोआप उजवीकडं गेली. माझी चिऊ पटाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, एखादी बाई कीर्तनाला बसावी तशी शहाण्यासारखी, आणि तिचं तोंड हळूहळू हलत होतं.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला नीट क्रमानं सांगता येत नाही. पुढचे तीन दिवस मी तेच करत होते, क्रम लावत होते. बोट तिच्या तोंडात घातलं हे नक्की. खालचे दोन दात, वरची कोवळी हिरडी, जिभेखालची ऊब, गालाची आतली बाजू, सगळीकडं बोट फिरलं आणि तिनं ते कचकन चावलं. तोंडात काही नव्हतं. लाळ होती फक्त, आणि लाळेला कसला वास येतोय का म्हणून मी तिचं तोंड हुंगत बसले होते, असं अक्षदानं मला नंतर सांगितलं. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते कमलकाकूंचं बोलणं. अंगणवाडीत तीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेली बाई, तिचा आवाज कधी वर चढत नाही. "खोकली का?" "नाही." "ठसका लागला? डोळं पांढरं केलं?" "नाही हो काकू, मी... नाही." "मग पोटात गेली आसंल. श्वासात गेली आसती तर एव्हाना निळी पडली आसती. उलटी करून पाठीत धपाटं घालू नको उगी." मी तिला उलटी केलेलीच होती. सरळ केलं. चिऊला वाटलं खेळ चाललाय, ती हसली.

उमादेवीकडं आम्ही दर गुरुवारी चारला जमतो. पुढं तिच्या नवऱ्याचं, शिवपुत्र भाऊजींचं खता-बियाण्याचं दुकान, मागं घर, मधे हे माजघर, शहाबादी फरशीचं, उन्हाळ्यातसुद्धा थंड. सुरुवातीला आम्ही मोबाईलवर लुडो खेळायचो, चौघी एकाच मोबाईलवर माना घालून. पण काकूंना ते रंग दिसायचे नाहीत आणि फासा मोबाईलच टाकतो म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. "मशीन लबाड हाय, हिला सारखं सहाच देतंय," म्हणायच्या. मग एके दिवशी उमादेवीनं फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखली, चारी कडांच्या मधे आणि मधोमध फुल्या मारल्या आणि चौकाबारा शिकवला. तिचं माहेर आळंदकडचं. तिच्या घरी म्हणे आज्या, आत्या, भावजया, सगळ्या जेवणानंतर हेच खेळायच्या. चार चिंचोके एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले. ते टाकायचे. जितके पांढरे तितकी घरं. चारी पांढरे पडले तर चौका, चारी काळे पडले तर आठ, आणि त्या आठाला बारा म्हणायचं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, आठाला बारा का? उमादेवीनं चिंचोके गोळा केले. "आमच्यात बाराच म्हणतेत," म्हणाली. मी अजूनही बारा पडले की बारा घरं मोजायला लागते आणि या तिघी हसतात. मी वाशी गावची. आमच्याकडं हे असलं काही नव्हतं.

कवड्या होत्या तिच्याकडं, पण काकू नाही म्हणाल्या. भवानीच्या माळेतल्या कवड्या खेळाला घेत नसतेत. म्हणून चिंचोके. आणि सोंगट्या ज्याला जे मिळेल ते. अक्षदाची शर्टाची पांढरी बटणं, तिच्या पार्लरच्या पिशवीत असलं काहीबाही असतंच. काकूंचे अंगणातले खडे. उमादेवीचे ज्वारीच्या ताटाचे तुकडे. आणि मला त्या दिवशी सीताफळाच्या बिया. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, भाऊजींनी डोंगराकडची पाटीभर सीताफळं आणली होती, आल्याआल्या आम्ही ती खाल्ली आणि ताटलीत पडलेल्या बियांतल्या चार मी धुऊन घेतल्या. काळ्याभोर, गुळगुळीत. किती छान दिसत होत्या फरशीवर. तेव्हा मनात आलं होतं का, की चिऊ आहे, हे लहान आहे, हे नको? आलं असेल. मी आई आहे, मनात यायलाच पाहिजे. पण आलं होतं असं मला शपथेवर सांगता येत नाही.

"चौथी हुती का पण?" अक्षदा म्हणाली. "हिची एक मगाशीच हण्णु झाली की." हण्णु म्हणजे फळ, उमादेवीच्या कानडीत. पटावर फिरते तोवर सोंगटी 'काय', म्हणजे कच्ची, मधल्या फुलीत पोचली की पिकून फळ होते, मग ती उचलून बाजूला ठेवायची. "हण्णु कुठली झाली?" उमादेवी म्हणाली. "आत्ता कुठं तिची तोड झाली. तोड केल्याबिगर आत कशी जाईल?" "आगं झाली. माझं बटण मारलं, मग चौका पडला, मग परत टाकले, मग..." "चौका काकूंना पडला." "मला कवा पडला गं चौका? मला आज एक सोडून दुसरं काय पडलंच न्हाय." आणि तिघी फरशीवर वाकल्या. बोटं घरांवरून फिरायला लागली. इथं बटण होतं. इथून ही आली. मग तू तीन टाकले. मी चिऊला छातीशी धरून उभी होते आणि त्या तिघी डाव मागं मागं नेत होत्या. मलाही तेच करावंसं वाटत होतं, हे सांगताना आता लाज वाटते, पण खरंच वाटत होतं. जणू डाव बरोबर मागं नेला, एकेक घर, एकेक टाकणं, तर कुठंतरी चौथी बी जागेवर सापडेल आणि तिथून पुढचं काही झालेलंच नसेल.

लग्नाआधी मी सोलापुरात एका लॅबमध्ये होते. तीन वर्षं. रक्ताच्या काचा दुर्बिणीखाली ठेवून पांढऱ्या पेशी मोजायचे. शंभर मोजायच्या असतात, वेगवेगळ्या जातीच्या, आणि डाव्या हाताशी एक छोटं बटणांचं यंत्र असतं, पेशी दिसली की तिच्या जातीचं बटण दाबायचं, शंभर झाल्या की टिंग करून घंटी वाजते. नजर वर उचलायची नाही. उचलली तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या मॅडम म्हणायच्या, हर्षालीची मोजणी मी पुन्हा तपासत नाही. हे वाक्य मी लग्न होऊन इथं मुरुमला येताना बरोबर घेऊन आले होते, दागिन्यासारखं. नवऱ्याला, योगीराजांना सांगितलंय, उमादेवीला दोनदा सांगितलंय. शंभर पेशी न चुकता मोजणारी बाई मी, आणि चार बिया. चार.

खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी त्या तिघींना सांगितली नाही. मी डाव आठवायला लागले की मला सगळं दिसतं. माझी तोड होत नव्हती. तोड झाल्याशिवाय आतल्या रांगेत पाऊल टाकता येत नाही, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारून घरी धाडल्याशिवाय दार उघडत नाही, आणि मला आजवर कधी कुणाची सोंगटी मारायला जमलंच नव्हतं. मारायची वेळ आली की मी दुसरीच बी पुढं न्यायचे. काकू म्हणायच्या, "हिचा जीव लई मऊ, ही आशीच बाहेर बाहेर फिरत मरायची." त्या दिवशी अक्षदाचं बटण माझ्यापुढं तीन घरांवर आलं. मी चिंचोके टाकले. तीन पांढरे, एक काळा. आणि मी मारलं. बी उचलली, एक, दोन, तीन, आणि बटणाच्या डोक्यावर टक् करून आपटली आणि ओरडले. मोठ्यानं. मला तो ओरडा आठवतो, घशातनं नाही, पोटातनं आलेला. शाळेत खो-खोत गडी बाद केल्यावर यायचा तसा. उमादेवीनं टाळी दिली. अक्षदा म्हणाली, "बघा की, गाय म्हणत हुतो, वाघीण निघाली!" मग माझी पुन्हा पाळी, कारण तोड केली की पुन्हा टाकायचं. मग आतल्या रांगेत पहिल्यांदा पाऊल. ती रांग मी कधी आतून बघितलीच नव्हती. मला खडूच्या रेषा दिसतात, एका ठिकाणी रेष दुहेरी झालेली, अक्षदाच्या नखाचं उडालेलं नेलपॉलिश दिसतं, काकूंच्या पायाच्या अंगठ्याजवळची भेग दिसते. खिडकीतून उन्हाची तिरीप फरशीवर आलेली, तीसुद्धा दिसते. आणि चिऊ दिसत नाही.

ती तिथं होती. माझ्या उजव्या गुडघ्याला टेकून होती असणार. पण माझ्या आठवणीत त्या जागी काही नाही. रिकामी फरशी आहे. मी मुद्दाम तिला तिथं ठेवून बघते. उंबऱ्याशी ठेवते, ताटली वाजवताना. दिसते. काकूंच्या मांडीत ठेवते, त्यांच्या मण्यांशी खेळताना. तीही दिसते. पटाच्या कडेला, हात पुढं करून काळी चकचकीत बी चिमटीत धरताना, तेही दिसतं, अगदी स्पष्ट, अंगठा आणि तर्जनी, या महिन्यातच तिला चिमूट जमायला लागलीय, मीच सगळ्यांना कौतुकानं दाखवत फिरत होते. जिथं ठेवीन तिथं ती दिसते. मग यातलं कोणतं मी बघितलेलं आणि कोणतं मी आता बनवलेलं?

डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. अक्षदानं स्कूटी काढली, मी मागं चिऊला घेऊन. उमादेवी म्हणाली, "मी पण येते," आणि चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत पळत आली. बाजारातून जाताना मी चिऊच्या नाकापुढं तळहात धरला होता. हाताला श्वास जाणवत होता. गार, गरम, गार, गरम. दवाखान्यात तीन माणसं आमच्या आधी होती, त्यांतले एक म्हातारे, महांतप्पा म्हणून हाक मारली त्यांना कंपाउंडरनं, ते उठून म्हणाले, "लेकराला आधी जाऊ द्या, माझं काय, गुडघा कुठं पळून चाललाय." मला हसू आलं. अशा वेळी हसू आलं म्हणून पुन्हा वाईट वाटलं. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, डावीकडं, उजवीकडं, पाठीला, पुन्हा डावीकडं. बराच वेळ ऐकलं. "दोन्हीकडं हवा सारखी आहे," म्हणाले. एक्स-रेच्या फोटोत बी दिसत नसते, फोटो काढून उपयोग नाही. अख्खी गेली असेल तर अख्खी बाहेर येईल. "चावली तर? आत विष असतं ना तिच्या?" मी विचारलं. त्यांनी चिऊचे दोन दात बघितले. "या दातांनी?" मग सांगितलं, तीन दिवस शी तपासा. खोकला सुरू झाला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, एकाएकी घोगरी झाली, तर इथं यायचंसुद्धा नाही, गाडी करून सरळ सोलापूर. हे सगळं लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती वेळ लक्ष नव्हतं?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

कुठून आली ती दोन मिनिटं? माझ्याच तोंडून आली. अक्षदा माझ्याकडं बघत होती की भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडं, मला कळलं नाही. वीस मिनिटं असतील. चिऊला मी शेवटचं कधी बघितलं होतं? चहा आला तेव्हा कप तिच्या हाताला लागू नये म्हणून बाजूला सरकवला, तेव्हा बघितलं. म्हणजे हात बघितला. तिला बघितलं का?

सीताफळाच्या बियांची भीती माझ्या अंगात फार आधीपासूनची आहे. वाशीला असताना, मी दुसरी-तिसरीत असेन, डोक्यात उवा झाल्या की आई या बिया उन्हात वाळवून पाट्यावर वाटायची, तेलात कालवायची आणि केसांना चोपडायची. त्याआधी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या डोळ्यांवर बांधायची, घट्ट. "हे डोळ्यात गेलं तर डोळा जातोय. हलू नको." मग तासभर मी अंगणात तशीच बसायची, डोक्याला ते थंड, उग्र वासाचं, डोळ्यांपुढं अंधार. मला कधी भीती वाटली नाही. आई समोर बसलेली असायची, मला ठाऊक असायचं. दिसत नव्हती तरी ठाऊक असायचं की ती माझ्याकडं बघतेय, एक थेंब ओघळला तर पुसेल. आता मी विचार करते, ती खरंच बघत होती का? तासभर? तिला पाणी भरायचं असायचं, गोठा असायचा, धाकटा भाऊ बलभीम रांगत असायचा. ती उठून गेलीही असेल, चार कामं करून आलीही असेल, आणि मी पट्टीच्या आत निवांत बसून राहिले असेन. फोन करून विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. "होते की गं समोर," असंच ती म्हणाली असती, आणि मला ते खरं वाटायला पाहिजे होतं, आणि आता वाटलं नसतं.

योगीराज लोहाऱ्याला शाळेवर आहेत. जीपनं येतात, साडेसहा-सात होतात. मी ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं. ते आले, हात-पाय धुतले, चिऊला उचललं. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, दोन मिनिटं सोडून. ते थोडा वेळ चिऊच्या छातीला कान लावून बसले. तिनं त्यांचे केस ओढले. मग म्हणाले, "हुतं असं. लेकरं तोंडात घालतेतच. तू जेवलीस का?" इतकंच. मला राग आला. ते ओरडले असते, तुझं लक्ष कुठं होतं म्हणाले असते, तर मी भांडले असते, रडले असते, आणि मधेच कुठंतरी खरं सांगून टाकलं असतं: अहो, मी किती खूश होते तेव्हा. चिऊ झाल्यापासून इतकी खूश मी एकदाही नव्हते. आणि तेव्हा मला ती आठवत नव्हती. हे दोन्ही एकाच वेळचं आहे, आणि एक दुसऱ्यामुळं होतं की काय, ते मला कळत नाही. पण त्यांनी जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

मग तीन दिवस. चिऊ शिंकली की मी पळत यायची. घोगरी वाटतेय का? कालही अशीच रडली होती का? कालचं तिचं रडणं मला आठवेना. मी दिवसभर तिला बघत होते, डोळा न हलवता, लॅबमध्ये बघायचे तशी, आणि बघता बघता ती मला अनोळखी वाटायला लागायची, जशी एखादी पेशी फार वेळ बघितली की कोणत्या जातीची ते कळेनासं व्हायचं. कानामागं तिला एक बारीक तीळ आहे. मला माहीत नव्हता. दहा महिने तेल लावतेय मी तिला. शुक्रवारी उमादेवीचा फोन. "काय झालं?" "काही नाही अजून." "मी घर पुन्हा झाडून बघितलं. कोठीखाली, पायपुसण्याखाली. न्हाय गं." मग म्हणाली, "त्या ताटलीतल्या उरलेल्या बिया मी उकिरड्यावर टाकल्या. मोजून ठेवायला पायजे हुत्या का?" "मोजून काय कळणार होतं?" "ते बी खरंच." फोन ठेवताना म्हणाली, "हर्षा, माझ्या घरात झालं म्हणून तू आता यायचं बंद करू नको." मी म्हटलं, "बघू." आणि ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं आतली रांग आली, पांढऱ्या खडूची, आणि मी आत टाकलेलं पाऊल. त्या क्षणीसुद्धा. फोन ठेवून मी चिऊला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली.

शनिवारी पहिल्यांदा शी झाली, त्यात काही नव्हतं. मागच्या मोरीत, चहाची जुनी गाळणी आणि काडी घेऊन, तांब्यानं थोडं थोडं पाणी घालत मी ते तपासलं. घाण वाटली नाही. हात आपोआप पूर्वीसारखे चालले, सावकाश, कडेपासून आत. शनिवारी कमलकाकू येऊन गेल्या. चिऊच्या पोटावर हात फिरवून, टकटक वाजवून बघितलं. "पोट मऊ हाय. केळं चार, बाहेर येईल." जाताना दारात वळून म्हणाल्या, "आन् तू सोताला खाऊ नको. तीस वरीस पोरं सांभाळली म्या. एका येळी चाळीस. दोन डोळं आन् चाळीस पोरं. कोण कवा काय गिळलं, समदं मला ठावं हाय वाटतं का तुला?" त्या बोलून गेल्या आणि मी त्याचा अर्थ धीराचा घ्यायचा की भीतीचा, या विचारात दारातच उभी राहिले.

रविवारी सकाळी केळं लागू पडलं. योगीराज सुट्टीचे, आत चिऊला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र तिच्या हातून वाचवत बसले होते. मी मोरीत बसले. पाणी घातलं, काडी फिरवली, आणि गाळणीच्या जाळीवर ती आली. काळीभोर, गुळगुळीत, अख्खी. एक चरासुद्धा नाही. मी खाली टेकले, ओल्या फरशीवर, आणि इतकं बरं वाटलं की काय करावं कळेना. देवीचं नाव घेतलं. गाळणी पुन्हा नळाखाली धरली, उगीच, स्वच्छ करायला. पाण्यानं उरलेलं सरकलं आणि तिच्या शेजारी दुसरी आली.

मी मोजलं. एक, दोन. गाळणी फिरवून दुसऱ्या बाजूनं मोजलं. दोन. माझी मोजणी कुणाला तपासावी लागत नाही. दोन बिया, सारख्या, एकीपेक्षा दुसरी केसभर लांब असेल. डावातून तर एकच गेली होती. तिघींनी फरशीवर बोटं फिरवून फिरवून आणि मी मनातल्या मनात हेच तर ठरवलं होतं की एक गेली. मग दुसरी कधीची? चहाच्या वेळची, ताटलीतली? की आमच्याच घरातली, बुधवारी योगीराजांनी सीताफळ खाल्लं होतं पेपर वाचत, तेव्हाची? की शेजारच्या ओट्यावरची, माझं लक्ष होतं तेव्हाची, मी तिच्याकडं बघत होते तेव्हाची? त्या दुसऱ्या बीसाठी कुणी ओरडलं नव्हतं, कुणी स्कूटी काढली नव्हती, कुणी छातीला नळी लावली नव्हती. ती आपली गेली, आणि आपली आली. आणि अशा आणखी किती, त्यांची गाळणी कुणी धरली? मी बसल्या जागी चिऊचा सगळा महिना मागं नेऊ लागले, घर घर, दिवस दिवस, आणि प्रत्येक दिवसात मला मोकळी फरशी दिसायला लागली.

"सापडली का गं?" आतून योगीराजांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सापडली."

"देवा!" ते उठले. वर्तमानपत्राचा आवाज झाला, चिऊ खिदळली, त्यांची पावलं स्वयंपाकघरातून इकडं यायला लागली. मी का केलं ते मला अजून सांगता येणार नाही. काडीनं एक बी जाळीच्या कडेवरून ढकलली, ती मोरीच्या भोकाशी जरा अडकली, मी तांब्याभर पाणी सोडलं, गेली. कोणती गेली, लांबट की दुसरी, ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय कळणार होतं?

ते दारात आले. चिऊ त्यांच्या कडेवर, एका हातात वर्तमानपत्राचा फाटका तुकडा, दुसरा हात माझ्याकडं पसरलेला. माझ्याकडं की बीकडं. मी गाळणी मागं घेतली. योगीराज वाकून बघत राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला पहिल्यांदाच कळलं की तीन दिवस तेही झोपले नव्हते.

"हीच का ती?"

चिऊनं माझं नाक पकडलं, चिमटीत, दुखेल इतकं.

"हीच," मी म्हटलं.